सोसायटीतील आक्षेपक : ओळख, निरीक्षण आणि निभाव

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासद असतात, सहयोगी सभासद असतात, भाडेकरू असतात आणि एक आक्षेपक असतो. पहिल्या तिघांचे काय करायचे ते आदर्श उपविधींत सापडते. चौथ्याबद्दल १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम मूग गिळून बसला आहे. तरीही नवे बिऱ्हाड आले की टेम्पोतून फ्रिज उतरायच्या आत कोणीतरी जिन्यात गाठून सांगतेच, "बाकी सोसायटी चांगली आहे हो, फक्त तीनशेदोनवाल्यांशी जरा जपून."

तीनशेदोन हा क्रमांक येथे उदाहरणादाखल घेतला आहे. या फ्लॅटवरून होणारे जुने विनोद आता कायदेशीरदृष्ट्या कालबाह्य ठरले आहेत, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचे कलम ३०२ राहिले नाही, १०३ झाले. एकशेतीनमधल्या बिऱ्हाडाने याची नोंद घ्यावी.

आक्षेपक सहसा निवृत्त असतो. बँक, विमा, वीज मंडळ किंवा एखादे लेखा कार्यालय अशा ठिकाणी त्याने तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शाईने शेरे मारलेले असतात. निरोपाच्या दिवशी कार्यालय त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देते, पण शेरे मारण्याची सवय परत मागून घेत नाही. ती त्याच्याबरोबर घरी येते. स्त्रियांमध्येही आक्षेपक आढळतात, मात्र त्या एकट्या नसतात. त्यांच्या पाठीशी अख्खी भिशी असल्यामुळे त्यांच्या आक्षेपाला आपोआप ठरावाचे स्वरूप येते. पुरुष आक्षेपक एकांडा असतो आणि त्याची संपूर्ण फौज एका बॉक्स फाइलमध्ये मावते. नोटीस बोर्डावरच्या 'पाणि येणार नाही' या सूचनेतला 'णि' बॉलपेनने दीर्घ केलेला आणि खाली तारखेसह बारीक सही दिसली, तर त्या इमारतीत आक्षेपक आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे, असे समजावे.

त्याचे पूर्ण दर्शन वार्षिक सर्वसाधारण सभेत घडते. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, त्यामुळे ती सप्टेंबरातल्या अगदी शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून होते. नोटिशीत वेळ सकाळी दहाची असते. त्याच नोटिशीत खाली, गणसंख्या न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही, असे आधीच छापलेले असते. शहाणे सभासद म्हणून साडेदहालाच उतरतात. आक्षेपक पावणेदहाला येतो. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, मांडीवर फाइल घेऊन तो रिकाम्या टेबलाकडे पाहत पाऊण तास बसतो. त्या पाऊण तासात वॉचमन आणि एक मांजर सोडून कोणी फिरकत नाही. सभेला तोंड फुटते तेव्हा तो आधीच तापलेला असतो, आणि बाकीच्यांना वाटते की हा घरूनच भांडायला आला आहे.

विषय क्रमांक एक असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतर ठिकाणी याला दोन मिनिटे लागतात. येथे आक्षेपक उभा राहतो.

"मागच्या सभेत मी 'तीव्र निषेध' म्हणालो होतो. इथं नुसतं 'निषेध' लिहिलंय."

"काका, एकच आहे हो ते."

"एकच असतं तर तुम्हीच 'तीव्र' लिहिलं असतं."

मागच्या बाजूला बटाटेवडे येऊन पडलेले असतात आणि त्यांचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलेला असतो. सेक्रेटरी अजिजीने म्हणतात, "काका, पुढं घेऊया का आता?" काका म्हणतात, "पुढंच घेतोय. मागचं नीट झालं की पुढचं आपोआप होतं." वडे थंड होतात. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. उरलेल्यांनाही कशाविरुद्ध तरी तीव्र निषेध नोंदवावासा वाटू लागलेला असतो.

अशा माणसाबरोबर राहण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, भांडणे. यात आक्षेपकाचा सराव जास्त असल्याने निकाल आधीच ठरलेला असतो. दुसरा, घर बदलणे. नवे घर घेताना मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के आणि पुण्यात ७ टक्के पडते, नोंदणी शुल्क वेगळे, आणि एवढे भरून जिथे जावे तिथेही तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी राहतच असते. तिसरा मार्ग म्हणजे माणूस तोच ठेवून त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलणे. याला मुद्रांक शुल्क नाही, आणि तो सुचवणाऱ्यांत बरीच मोठी मंडळी आहेत.

त्यांतला एक एपिक्टेटस. हा रोमन साम्राज्यातला गुलाम, पुढे मुक्त होऊन तत्त्वज्ञ झाला. माणसाला त्रास होतो तो घटनेमुळे नाही, घटनेबद्दल त्याने करून घेतलेल्या मतामुळे, असे त्याचे म्हणणे. प्रत्येक गोष्टीला दोन कान असतात, एकाला धरून ती उचलता येते, दुसऱ्याला धरून येत नाही, असेही तो सांगे. भाऊ अन्यायाने वागला तर 'अन्याय' हा कान सोडावा आणि 'भाऊ' हा कान धरावा. भावाच्या बाबतीत हे पटते. तीनशेदोनचा दुसरा कान कोणता, हे मात्र वाचकालाच शोधावे लागते.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी याच विचारावर उपचारपद्धती उभारली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला हे गृहस्थ परिचयाचे आहेत. सभा लांबली ही घटना, आणि रात्री छातीत जळजळले हा परिणाम. या दोहोंच्या मध्ये एक वाक्य दडलेले असते, ते म्हणजे 'माणसाने असे वागताच कामा नये'. एलिस यांचा सगळा रोख या 'कामा नये'वर आहे. त्याच्या जागी 'असे वागला नसता तर बरे झाले असते' हे वाक्य मनापासून ठेवता आले, तर जळजळीचे रूपांतर साध्या नाराजीत होते. नाराजीला गोळी लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. नजर बदलणे म्हणजे दातओठ खात गप्प बसणे नव्हे. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना किळस वाटेल अशी शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असे सांगितले, तर काहींना फिल्मकडे तटस्थपणे, तांत्रिक नजरेने पाहायला सांगितले. चेहरा दाबणाऱ्यांची किळस काही कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. नजर बदलणाऱ्यांना किळसच कमी वाटली. प्रयोगासाठी शस्त्रक्रियेची फिल्म वापरावी लागली, यावरून अमेरिकेत वार्षिक सर्वसाधारण सभांचे चित्रीकरण सहज मिळत नसावे असे दिसते.

नजर वाकडी का होते, यालाही उत्तर आहे. दुसऱ्याचे वागणे आपण त्याच्या स्वभावातून आले असे धरतो, स्वतःचे मात्र परिस्थितीतून. यातल्या पहिल्या खोडीला ली रॉस यांनी १९७७ साली 'मूलभूत गुणारोपण-दोष' असे नाव दिले. त्याआधी दहा वर्षे जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना फिडेल कास्त्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले होते. लेखकाला बाजू नेमून दिली होती हे सांगितल्यावरही, लेखकाचे मत निबंधात आहे तेच असणार असे वाचणाऱ्यांना वाटत राहिले. पार्किंगमध्ये हाच प्रयोग रोज होतो. स्वतःची गाडी आडवी लागली तर 'दोनच मिनिटं, दूध घेऊन आलोच'. तीनशेदोनची स्कूटर आडवी लागली तर 'माणूसच आडवा'.

मराठी माणसाला अर्थात यासाठी स्टॅनफर्डपर्यंत जावे लागत नाही. त्याच्या घरात जुनी साधने आहेत. 'मागच्या जन्मीचं देणं असेल' हे त्यांतले सर्वांत स्वस्त. एकदा हे वाक्य उच्चारले की तीनशेदोनचा प्रत्येक आक्षेप हा हप्ता ठरतो, आणि हप्ता भरताना माणूस कुरकुरला तरी अपमानित होत नाही. दुसरे साधन साडेसातीचे. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत अडीच आणि तीन राशींत साडेसात. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवला तरी या साधनाचा गुण मान्य करायला हवा, तो असा की त्रासाला शेवटची तारीख मिळते. कचेरीतल्या साहेबाला साडेसाती मानणे म्हणूनच सोयीचे पडते, कारण त्याची बदली होते. तीनशेदोनला ते लागू पडत नाही. शनी पुढच्या राशीत जातो, फ्लॅट मालकीचा असतो.

सर्वांत लोकप्रिय साधन मात्र त्रासदायक माणसाला किस्सा करून टाकणे हे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून प्रत्येक मराठी घराला वाटते की आपल्याही शेजारी एक अप्रकाशित प्रकरण राहते. पुण्यातल्या पाट्यांचे असेच झाले. ज्या पाटीने पूर्वी आलेला पाहुणा दारातून परत गेला असता, तिच्यापुढे उभे राहून आता लोक फोटो काढून घेतात. पाटी तीच आहे, तिच्यातला तुसडेपणाही तसाच आहे, फक्त पाहणारा आता पाहुणा राहिलेला नाही, पर्यटक झाला आहे. तीनशेदोनला पर्यटकाच्या नजरेने पाहणारे सभासद सभा चुकवत नाहीत. घरी जाऊन 'आज काय झालं माहितीये?' असे म्हणण्यासाठी त्यांना माल हवा असतो, आणि काका तो कधीही कमी पडू देत नाहीत. या साधनाचे दोन दुष्परिणाम आहेत. एक म्हणजे, माल कमी पडल्यास काही जण काकांना मुद्दाम डिवचतात. दुसरा जिन्यात घडतो. नक्कल रंगात आलेली असते, श्रोते अचानक गंभीर होतात, आणि नक्कल करणाऱ्याच्या पाठीमागे चपलांचा आवाज थांबलेला असतो.

अध्यात्माकडे वळणाऱ्यांनी जपून वळावे. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत अजगर आहे, पतंग आहे, मधमाशी आहे. तेव्हा पंचविसावा गुरू म्हणून तीनशेदोनला मान्यता द्यायला शास्त्राची हरकत नसावी. निंदकाला अंगणात झोपडी बांधून देऊन जवळच ठेवावे, असे कबीराचे सांगणे आहे. त्याच्या काळी चटईक्षेत्र निर्देशांक नव्हता. पैठणच्या एकनाथांवर एक जण गोदावरीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथांनी न रागावता १०८ वेळा स्नान केले, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. शांती म्हणजे काय हे तिच्यातून कळते. पण पिंपळे किंवा घोडबंदरसारख्या भागातल्या सोसायटीत १०८ स्नाने करायची तर टँकर मागवावा लागेल, आणि टँकरचा हिशेब तीनशेदोनकडे असतो.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा असतो. काकांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेले असते. एप्रिलच्या पानावर बहुतेक चौकोनांत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले दिसते. 'दू १' म्हणजे एक लिटर दूध, 'गॅ' म्हणजे सिलिंडर लावला, आणि 'टँ २' म्हणजे त्या दिवशी टँकर दोन आले. काका गॅलरीत बसलेले असतात तेव्हा ते लोकांच्या घरात डोकावत आहेत असा इमारतीचा समज असतो. ते टँकर मोजत असतात. दहा हजार लिटरचा टँकर टाकीत पूर्ण रिकामा झाला की नळी काढताना उरलेले पाणी बागेत सोडले की रस्त्यावर, हेही चौकोनाच्या कोपऱ्यात टिंबाने दाखवलेले असते. कमिटीकडे आलेल्या बिलात त्याच दिवसापुढे तीन टँकर लिहिलेले असतात. बिल पास झालेले असते, कारण सेक्रेटरी नोकरी सांभाळून हे काम फुकट करतात, खजिनदारांना दर शनिवारी गावी जायचे असते, आणि बिल पाहायला कोणालाच वेळ नसतो. ज्याला असतो त्याचा फोन कोणी उचलत नाही.

काकांचा प्रत्येक आक्षेप असा कालनिर्णयात नोंदलेला नसतो, हे मान्य केलेच पाहिजे. 'तीव्र'चा आग्रह निरर्थक होता. पहिल्या मजल्यावरच्या मुलांचा चेंडू जप्त करून त्याची पावती देणे तर हास्यास्पदच. पण पाच-पन्नास आक्षेपांत एक टँकर निघतो, आणि तो निघाला की संस्थेचे काही हजार रुपये वाचतात. बाहेरच्या लेखापरीक्षकाला संस्था दरवर्षी शुल्क देते, तो वर्षातून एकदा येतो, चहा घेतो आणि पावत्या जुळल्या की सही करतो. पावतीवरचा टँकर प्रत्यक्षात आला होता की नाही, हे गॅलरीत बसल्याशिवाय कळत नाही. आतापर्यंत सांगितलेल्या साधनांत काकांकडे असे पाहणे सर्वांत टिकाऊ ठरते, कारण बाकीची साधने काका नाहीत ते त्यांना ठरवतात, कधी मागच्या जन्मीचे सावकार तर कधी शनी. हे मात्र त्यांच्या भिंतीवरच लटकलेले असते. नजर बदलायची तर ती अधिक तपशील दिसेल अशा बाजूला बदलावी. नुसते गोड दिसेल अशा बाजूला बदलली तर पहिल्याच सभेत ती पूर्ववत होते.

एक प्रश्न उरतो. नजर कोणी बदलायची? या बाबतीत परंपरेतली उदाहरणे थोडी एकतर्फी आहेत. तुकोबांना कोणी उसाची मोळी दिली, वाटेत पोरांनी मागितले म्हणून त्यांनी ऊस वाटून टाकले आणि घरी एकच घेऊन आले, अशी कथा सांगतात. बायको आवलीने संतापून तोच ऊस पाठीत घातला, त्याचे दोन तुकडे झाले, आणि तुकोबांना त्यात दोघांसाठी झालेली वाटणी दिसली. नजर बदलण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पण हाच प्रसंग देहूच्या त्या घरातल्या चुलीपाशी बसून पाहावा. दुष्काळाने व्यापार बुडालेला, घरात पोरे, आणि कर्ता पुरुष हाती आलेले वाटेतच वाटून मोकळा. आवलीच्या बाजूने पाहिले तर त्या घरातला निभावून न्यायला कठीण माणूस कोण होता, हे सांगायला कीर्तनकाराची गरज नाही. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या झांटिपीचेही हेच झाले. नवरा दिवसभर चौकात लोकांना प्रश्न विचारत हिंडे आणि त्याचे पैसे घेत नसे. इतिहासात मात्र ती कजाग आणि तो शांत. नवऱ्यांची क्षमा लिहून ठेवली गेली, बायकांना आपली बाजू मांडायला कोणी बोलावले नाही.

आजही 'तू मनाला लावून घेऊ नकोस, त्यांचा स्वभावच तसा आहे' हा सल्ला घरात सुनेला मिळतो, सासऱ्यांना मिळत नाही. कचेरीत तो कारकुनाला मिळतो आणि सोसायटीत वॉचमनला. ज्याच्या हातात काही बदलण्याची सत्ता आहे त्याला नजर बदलायला कोणी सांगत नाही. म्हणून या पद्धतीची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ती खवचट बोलण्यावर, लांबलेल्या सभेवर आणि जप्त झालेल्या चेंडूवर चालते. मारहाण, धमकी, छळ, पैशांची अफरातफर यांवर ती वापरू नये. घरातल्या छळासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३चा, आणि सोसायटीच्या पैशांसाठी उपनिबंधकांचे कार्यालय. तिथे नजर जशी आहे तशीच घेऊन जावे.

एवढे सगळे करूनही ज्यांना तीनशेदोन सहन होत नाहीत, त्यांच्यासाठी एक जालीम उपाय अनुभवी सोसायट्यांत प्रचलित आहे. काकांनाच सेक्रेटरी करायचे. ठराव एकमताने संमत होतो, काका आधी तीव्र निषेध नोंदवतात आणि मग पदभार स्वीकारतात. महिनाभरात लिफ्ट का बंद आहे, पाणी का कमी येते, वॉचमन रात्री का झोपतो, याची उत्तरे तेच देऊ लागतात, तेही चिडून. पुढच्या वार्षिक सभेत ते टेबलामागे बसतात आणि साडेदहाला येतात. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, मांडीवर नवी बॉक्स फाइल घेऊन माजी सेक्रेटरी बसलेले असतात. हा उपाय करण्यापूर्वी एवढेच ध्यानात ठेवावे की व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते.